जर्मन साम्राज्याची सोन्याची नाणी: संग्रह सुरू करताना

जुन्या जर्मन सोन्याच्या नाण्यांत उतरायचे असेल तर सुरुवात १८७१ ते १९१५ या काळातल्या साम्राज्याच्या नाण्यांपासून करावी. त्याआधीचे डुकाट, प्रशिया या जर्मन राज्याचे फ्रीडरिश द'ऑर, ऱ्हाईन नदीच्या वाळूतल्या सोन्याचे डुकाट, १८५७ च्या व्हिएन्ना करारानंतरची 'क्रोन' ही सगळी मोहात पाडणारी मंडळी आहेत. पण तिथे वजन, कस आणि हिशोब जागोजागी बदलतो, आणि आपली फसवणूक झाली हेही नवख्याला उशिरा कळते. साम्राज्याच्या नाण्यांचे तसे नाही. सगळ्या राज्यांसाठी वजन एक, कस एक, आणि बरीचशी नाणी अजूनही सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतात.

तरीही पैसे वाया जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक खरेदीआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: सोन्याच्या किमतीवर जी रक्कम मी देतोय, ती नेमकी कशाची? राज्याची, वर्षाची, टांकसाळीची, की नाण्याच्या अवस्थेची? उत्तर देता येत नसेल तर ते नाणे तूर्त तिथेच राहू द्यावे.

आधी मापे पाठ करा

४ डिसेंबर १८७१ च्या कायद्याने नव्या साम्राज्याची १० आणि २० मार्कांची सोन्याची नाणी ठरली. ९ जुलै १८७३ च्या कायद्याने चलनाची उरलेली घडी बसवली. एक पौंड म्हणजे ५०० ग्रॅम शुद्ध सोन्यातून २० मार्कांची पाऊणे सत्तर, म्हणजे ६९.७५ नाणी पाडायची, असा हिशोब होता. म्हणूनच आकडे असे आडनिडे आले आहेत:

२० मार्क: वजन ७.९६५ ग्रॅम, व्यास २२.५ मिलिमीटर, शुद्ध सोने ७.१६८ ग्रॅम.
१० मार्क: वजन ३.९८२ ग्रॅम, व्यास १९.५ मिलिमीटर, शुद्ध सोने ३.५८४ ग्रॅम.
५ मार्क: वजन १.९९१ ग्रॅम, व्यास १७ मिलिमीटर, शुद्ध सोने १.७९२ ग्रॅम.

कस ९००, म्हणजे २१.६ कॅरेट. उरलेला दहावा हिस्सा तांबे. आपल्याकडच्या २२ कॅरेटच्या दागिन्यांपेक्षा हे सोने जरा लालसर दिसते, ते या तांब्यामुळे. पिवळेधमक, चकचकीत २० मार्क समोर आले तर आनंदण्याआधी दोनदा बघा.

कायद्याने वजनातली सूटही ठरवून दिली होती. टांकसाळीतून बाहेर पडताना हजारात अडीच भागांपर्यंत फरक चाले, आणि वापरात झिजून हजारात पाच भाग कमी झाले तरी नाणे पूर्ण वजनाचे मानले जाई. २० मार्कांसाठी याचा अर्थ असा: ७.९८५ ग्रॅमच्या वर वजन भरले तर संशय घ्यावा, आणि ७.९२५ च्या खाली गेले तर कारण शोधावे. हे दोन आकडे खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

५ मार्कांचे नाणे १८७७ आणि १८७८ या दोनच सालांचे आहे. इतके चिमुकले नाणे हाताळताना हरवते म्हणून लोकांना ते आवडले नाही, आणि १९०० मध्ये ते चलनातून बादही झाले. आज ते सोन्याच्या मानाने महाग आहे आणि त्याच्या नकलाही भरपूर आहेत. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

नाणे कसे वाचायचे

साम्राज्यात २५ घटक राज्ये होती. २२ राजे, ड्यूक वगैरेंची आणि ३ स्वतंत्र शहरे: हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक. नाण्याची एक बाजू साम्राज्याची, तिच्यावर गरुड, किंमत आणि साल. दुसरी बाजू त्या त्या राज्याची, तिच्यावर राज्यकर्त्याचा मुखवटा. शहरांना राजा नव्हता, त्यामुळे त्यांच्या नाण्यांवर शहराचे राजचिन्ह येते. हॅम्बुर्गचे नाणे बुरुजांच्या किल्ल्यावरून लांबूनच ओळखता येते.

गरुडाच्या बाजूचे तीन प्रकार आहेत. १८७१ ते १८७३ मध्ये लहान गरुड आणि किंमत '२० एम.' अशी संक्षेपात. १८७४ ते १८८९ मध्ये गरुड तोच लहान, पण 'मार्क' हा शब्द पूर्ण. १८९० पासून पंख पसरलेला मोठा गरुड. साल आणि गरुड यांचा मेळ बसला नाही तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

मुखवट्याच्या मानेखाली एक बारीक अक्षर असते. ती टांकसाळीची खूण. ए म्हणजे बर्लिन, बी हॅनोव्हर, सी फ्रँकफुर्ट, डी म्युनिक, ई आधी ड्रेस्डेन आणि १८८७ पासून मुल्डेनह्युटेन, एफ श्टुटगार्ट, जी कार्ल्सरूहे, एच डार्मश्टाट, आणि जे हॅम्बुर्ग. बी, सी आणि एच या टांकसाळी पुढे बंद झाल्या, त्यामुळे त्यांची अक्षरे सुरुवातीच्या वर्षांतच सापडतात. सम्राट विल्हेल्म दुसऱ्याच्या १८९५ च्या नाण्यावर 'बी' दिसला तर तो खोटेपणाचा पुरावाच. मात्र एक गोंधळ टाळा: 'जे' अक्षर असले म्हणजे नाणे हॅम्बुर्ग राज्याचे असे नाही. प्रशियाची काही वर्षांची २० मार्कही, उदाहरणार्थ १९०५, १९०६ आणि १९०९ ची, हॅम्बुर्गच्या टांकसाळीत पाडली गेली. राज्य मुखवट्यावरून ठरते, अक्षरावरून फक्त कारखाना कळतो.

कड बघायला विसरू नका. २० मार्कांच्या कडेवर खोलगट अक्षरांत 'गॉट मिट उन्स' हे शब्द असतात, १० मार्कांच्या कडेवर वेलबुट्टी आणि तारे, ५ मार्कांची कड साधी.

जर्मन बाजारात नाणी येगर क्रमांकाने, म्हणजे कुर्ट येगरच्या नाणेसूचीतल्या क्रमांकाने बोलली जातात. हा क्रमांक राज्य, राजा, किंमत आणि गरुडाचा प्रकार हे सगळे एका आकड्यात सांगतो. प्रशियाच्या विल्हेल्म पहिल्याचे १८७४ ते १८८८ चे २० मार्क येगर २४६, फ्रीडरिश तिसऱ्याचे २४८, विल्हेल्म दुसऱ्याचे १८९० ते १९१३ चे २५२. साल आणि टांकसाळीचे अक्षर मात्र वेगळे लिहावे लागते. विक्रेत्याशी बोलताना 'कैझरचे (सम्राटाचे) नाणे' म्हणण्यापेक्षा 'येगर २५२, १९०६, ए' म्हटलेत तर समोरचा भाव सांगतानाही जरा सांभाळून सांगतो.

पहिली नाणी कोणती

१८८८ हे साल नवख्यांसाठी सोन्यासारखे आहे. त्या वर्षी जर्मनीला तीन सम्राट झाले. ९ मार्चला विल्हेल्म पहिला वारला, घशाच्या कर्करोगाने खंगलेला मुलगा फ्रीडरिश तिसरा ९९ दिवस गादीवर राहिला, आणि १५ जूनला त्याच्या मृत्यूनंतर विल्हेल्म दुसरा आला. प्रशियाचा राजा तोच सम्राट असे, त्यामुळे तिघांच्याही नावे त्या सालचे प्रशियाचे २० मार्क बर्लिनला पाडले गेले. फ्रीडरिशची कारकीर्द तीन महिन्यांची असली तरी त्याची २० मार्क पन्नास लाखांहून अधिक पाडली गेली, म्हणून 'फक्त ९९ दिवसांचा सम्राट, अतिदुर्मीळ' असे सांगून कोणी जास्त पैसे मागू लागला तर हसून पुढे जावे. त्या तिघांत विल्हेल्म दुसऱ्याचे १८८८ चे नाणे शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण लहान गरुडाचा तो प्रकार १८८८ आणि १८८९ अशी दोनच वर्षे चालला.

तिन्ही १८८८ चीच हवीत असा हट्ट नसेल तर विल्हेल्म पहिल्याचे १८७२ किंवा १८७३ चे आणि विल्हेल्म दुसऱ्याचे १८९० नंतरचे कोणतेही घ्या. ही दोन्ही सगळ्यांत स्वस्त आहेत.

चौथे हॅम्बुर्गचे २० मार्क. पाचवे बायर्नच्या (बव्हेरियाच्या) लुडविग दुसऱ्याचे. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बांधणारा हा राजा लोकप्रिय असल्याने त्याच्या नाण्याला थोडे जास्त पडतात, आणि या बाबतीत ते देणे रास्त आहे, कारण विकतानाही ते परत मिळतात. पुढे झाक्सेन, व्युर्टेम्बेर्ग, बाडेन, हेसेन अशी राज्ये जोडत जा. 'प्रत्येक राज्याचे एक' हा सर्वांत आवडता संग्रह आहे, पण तो पुरा होईल ही आशा ठेवू नका. लिप्पेने सोन्याचे नाणे काढलेच नाही, आणि वाल्डेक-पिर्मोंटचे १९०३ चे २० मार्क फक्त २,००० पाडले गेले. रॉइस घराण्याच्या थोरल्या शाखेच्या राज्याचे १८७५ चे नाणेही अशाच हाताबाहेरच्या किमतीचे. अशा नाण्यांना छोट्या गाडीएवढे पैसे पडू शकतात.

भाव काढण्याचा हिशोब

दरवेळी कागदावर करा, डोक्यात नको. समजा शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०० युरो आहे. २० मार्कांतल्या सोन्याची किंमत ७.१६८ गुणिले १००, म्हणजे ७१६.८० युरो. विक्रेता ७५० मागतोय, म्हणजे सोन्यावर ३३.२० युरो, सुमारे ४.६ टक्के. विल्हेल्म दुसऱ्याच्या साध्या वर्षाच्या, थोड्या झिजलेल्या नाण्याला एवढे ठीक. याच नाण्याला कोणी २० टक्के मागत असेल तर त्याने कारण द्यावे. १० मार्कांना टक्केवारी जरा जास्त असते, ५ मार्कांना आणखी.

इथे बहुतेक जण एक चूक करतात: हिशोबात ७.९६५ ग्रॅम धरतात. ते नाण्याचे वजन आहे, सोन्याचे नाही. या एका आकड्याने किंमत एकदम ११ टक्क्यांनी फुगते, आणि काही विक्रेते मुद्दाम तोच आकडा ठळक छापतात.

नाणी किती पाडली गेली हे आकडेही जपून वापरा. पाडलेली नाणी आणि उरलेली नाणी यांत फार अंतर आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबले. १९१५ चे प्रशियाचे २० मार्क बारा लाखांहून अधिक पाडले गेले, पण ते बँकेच्या तिजोरीतच राहिले आणि नंतर बहुतेक वितळले. त्यामुळे कागदावर सामान्य दिसणारे हे नाणे प्रत्यक्षात महाग आहे. उलट १८७२-७३ ची नाणी भरमसाट आहेत. फ्रान्सकडून युद्धखंडणी म्हणून पाच अब्ज फ्रँक येणार होते, त्या जोरावर त्या वर्षांत टांकसाळी रात्रंदिवस चालल्या. त्या खंडणीपैकी १२ कोटी मार्क नाण्यांच्या रूपात बर्लिनजवळ श्पांडाउच्या किल्ल्यातल्या युलियस बुरुजात युद्धनिधी म्हणून कोंडून ठेवले होते, ते थेट १९१४ पर्यंत.

तपासणी: घाई नको

साहित्य साधे आहे: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग, छोटे निओडिमियम चुंबक, आणि एकाच बाजूने प्रकाश टाकणारा टेबललॅम्प. काट्यासोबत वजनाचा प्रमाणित तुकडा घ्या आणि दरवेळी आधी तो ठेवून बघा. स्वस्त काटे थंडीत आणि बॅटरी उतरताना खुशाल दोन-तीन शतांश चुकतात, आणि आपला सगळा खेळ त्या शतांशांचाच आहे.

आधी वजन आणि व्यास. व्यास मोजताना कॅलिपरचे जबडे धातूचे असतील तर मध्ये पातळ कागद धरा, नाहीतर कडेवर ओरखडा पडेल. वजन कमी भरले तर झीज, घासलेली कड किंवा दागिन्यासाठी लावून मग काढून टाकलेली कडी ही कारणे संभवतात. जास्त भरले तर कडी जोडताना लावलेल्या टाक्याचा उरलेला धातू आहे का ते बघा.

मग चुंबक. नाणे तिरपे धरून चुंबक त्यावरून घसरू द्या. ते अडखळता कामा नये. यातून फक्त लोखंड-निकेलवाले ढोबळ खोटे पकडले जातात, त्यामुळे चुंबकाला पास झाले म्हणून हुरळून जाऊ नका.

तिसरी तपासणी पाण्यातली, आणि खरे काम हीच करते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणे पातळ नायलॉनच्या दोऱ्याला अडकवून पूर्ण बुडेल असे पाण्यात सोडा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. २० मार्कांसाठी तो ०.४६ ग्रॅम यायला हवा. ७.९६५ ला ०.४६ ने भागले की घनता १७.३ येते, आणि ९०० कसाच्या सोने-तांब्याची घनता याच्याच आसपास असते. ०.४५ किंवा ०.४७ आले तरी चालेल, काट्याची मर्यादा तेवढीच. ०.५५ वगैरे आले तर सोने हलक्या कसाचे आहे किंवा आत दुसराच धातू आहे. आकडा चुकीचा येण्याची नेहमीची दोन कारणे: नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आणि जाड दोरा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. १० मार्कांना हा आकडा ०.२३ येतो, म्हणजे एका शतांशाची चूक चार टक्क्यांएवढी होते. ५ मार्कांना तर ही कसोटी निरुपयोगीच. तिथे ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

चौथी, फिरवून बघणे. नाणे वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरून उभ्या अक्षावर फिरवा. साम्राज्याच्या नाण्यांत दुसरी बाजूही सरळच दिसली पाहिजे. गरुड उलटा दिसला तर शंका घ्या.

आता भिंग. खरा त्रास इथे आहे, कारण या नाण्यांच्या अनेक नकला चक्क पूर्ण वजनाच्या, पूर्ण कसाच्या सोन्यात केलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांना वरचढ भाव मिळू लागला, तेव्हा बैरूत आणि उत्तर इटलीत अशा नकलांचे कारखानेच चालले. वजन, घनता, कस या तिन्ही कसोट्यांना त्या पास होतात. त्या पकडल्या जातात त्या अक्षरांवर. खऱ्या नाण्यात अक्षरांच्या कडा काटकोनी तुटक असतात आणि अक्षराच्या पायथ्याशी सपाट पृष्ठभाग स्वच्छ असतो. नकलेत कडा गोलसर, लोण्यासारख्या. सपाट भागावर बारीक उठावाचे दाणे दिसतात, कारण साच्यातले खड्डे नाण्यावर पुळ्यांसारखे उमटतात. ओरखडा नाण्याच्या आत जातो, साच्याचा दोष मात्र बाहेर येतो, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की अर्धे काम झाले. कडेवरचे 'गॉट मिट उन्स' असमान खोलीचे किंवा दुहेरी उमटलेले नाही ना, तेही बघा. एकाच विक्रेत्याकडे दोन वेगळ्या नाण्यांवर त्याच जागी तसाच ठोका दिसला तर दोन्ही परत करा: मूळ नाण्याचा दोष साच्यात उतरला आहे.

सराफाकडचे कॅरेटमीटर यंत्र सुमारे ९० टक्के सोने आणि १० टक्के तांबे दाखवेल. पण ते पृष्ठभागच वाचते, म्हणून घनतेसोबतच त्याला किंमत. आणि एक गोष्ट निक्षून सांगा: नाणे कसाच्या दगडावर घासायचे नाही. कडेवर पडलेला तो एक चरा संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचा वरचा सगळा भाव घालवतो. मग ते नाणे मोडीच्याच भावाचे.

दुर्मीळ वर्षाच्या महागड्या नाण्यांसाठी मात्र स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रतवारी देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिक खोक्यातले नाणे घ्या, आणि खोक्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा. खोकीही खोटी बनतात.

विक्रेत्याच्या वर्णनातले शब्द

जर्मन यादीत अवस्था एक-दोन अक्षरांत लिहितात. 'एस-टे' म्हणजे टांकसाळीतून निघाल्यासारखे, 'फाउ-त्सेट' म्हणजे अगदी थोडी झीज, 'एस-एस' म्हणजे झीज उघड दिसते पण तपशील शाबूत, नुसता 'एस' म्हणजे बरेच झिजलेले. साध्या वर्षांच्या नाण्यांत फाउ-त्सेट आणि एस-एस यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, दुर्मीळ वर्षांत दुप्पट असतो.

त्याहून महत्त्वाचे आहेत ते बारीक अक्षरांतले शब्द. 'रान्डफेलर' म्हणजे काठाला मार लागला आहे. 'क्रात्सर' म्हणजे ओरखडा. 'पोलिएर्ट' म्हणजे कोणीतरी चमकवले आहे. आणि 'हेन्केलस्पूर' म्हणजे कडी लावल्याची खूण. पुतळ्यांच्या माळेतली नाणी बघितलेल्या मराठी डोळ्याला ही खूण लगेच कळेल: वरच्या काठाला घासून सपाट केलेला तुकडा, आजूबाजूला टाक्याच्या धातूची वेगळी छटा. 'फासुंग्सश्पुरेन' म्हणजे नाणे लॉकेटच्या चौकटीत होते, मग काठावर सगळीकडे समान अंतरावर दाब दिसतात. असे नाणे सोन्याच्या भावात मिळत असेल तर शिकण्यासाठी जरूर घ्या, वर एक युरोही देऊ नका.

कुठे घ्यायचे

जर्मनीत राहणाऱ्यांनी दुकानातून किंवा व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या सदस्याकडून घ्यावे, पावतीवर येगर क्रमांक, साल, अक्षर आणि 'अस्सल' असा उल्लेख मागावा. दरवर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्लिनला भरणाऱ्या वर्ल्ड मनी फेअरमध्ये एका दिवसात जितकी नाणी हातात घेता येतात तितकी दुकानांत वर्षात येत नाहीत. त्याच फेरीत बर्लिनच्या बोडे संग्रहालयातले नाणेदालन पाहून घ्यावे. खरे नाणे कसे दिसते हे आधी ठरले पाहिजे.

रोखीने २,००० युरो किंवा त्याहून जास्त रकमेचे सोने घेताना विक्रेत्याला ओळखपत्र बघून नोंद करावी लागते. दोन-तीन नाण्यांत ही मर्यादा गाठली जाते, तेव्हा पासपोर्ट सोबत ठेवा. १८०० नंतर पाडलेली, किमान ९०० कसाची, कधीकाळी चलन असलेली नाणी सोन्याच्या किमतीच्या १८० टक्क्यांच्या आत विकली जात असतील तर ती गुंतवणुकीचे सोने ठरतात आणि त्यांवर मूल्यवर्धित कर लागत नाही. खासगी व्यक्तीने नाणे एक वर्षाहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर आयकरही नाही. म्हणून प्रत्येक पावतीवरची तारीख मोलाची.

लिलावात बोली लावताना लिलावघराचे कमिशन आधी वजा करा. ते बोलीवर २० टक्के असेल तर १,००० ची बोली म्हणजे १,२०० चे बिल, शिवाय पाठवणी. साधी नाणी लिलावात घेण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

आपल्या ओळखीचे एक नाणे

जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियाच्या बाजूला, चलन मार्क नव्हते, रुपया होता. भारतीय व्यापाऱ्यांमुळे त्या किनाऱ्यावर आपला रुपया आधीच रुळला होता, त्यामुळे जर्मनांनी १८९० पासून त्याच वजनाचे 'रुपी' काढले. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग तुटल्यावर १९१६ मध्ये टाबोरा इथल्या रेल्वेच्या कामशाळेत १५ रुपींचे सोन्याचे नाणे पाडले गेले. डोंगरापुढे सोंड उंचावलेला हत्ती, आणि टाबोराचे 'टी' अक्षर. एकूण १६,१९८ नाणी. वजन ७.१६८ ग्रॅम, पण कस फक्त ७५०. वरचे २० मार्कांचे आकडे इथे लावले तर गफलत होईल. याचे दोन प्रकार आहेत, 'ओस्टाफ्रिका' या शब्दाखालच्या वेलबुट्टीचे टोक कुठल्या अक्षराखाली संपते त्यावरून ओळखायचे: 'टी' की 'ए'. संग्रहाच्या पहिल्या वर्षी हे घेऊ नका, पण कोणते नाणे पुढे हवे याची यादी करत असाल तर मराठी संग्राहकाने ते वर ठेवायला हरकत नाही.

हाताळणी आणि साठवण

नाणे कडेनेच धरायचे, खाली मऊ रुमाल, शक्यतो टेबलावर बसून. तोंडाजवळ धरून बोलू नये. थुंकीचा तुषार तांब्यामुळे कालांतराने डाग होऊन बसतो.

चमकवायचे नाही. ब्रश, टूथपेस्ट, रिठा, सोनाराचे पॉलिश, काहीच नाही. लाल-तपकिरी ठिपके नाण्यातल्या तांब्याचे आहेत, ते राहू द्या. फक्त जुन्या प्लास्टिक पाकिटाचा हिरवट चिकट थर असेल तर काचेच्या बशीत शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच-दहा मिनिटे ठेवा, खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मऊ कापडावर नुसते ठेवून टिपा. पुसू नका. नखांचे नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

साठवायला २२.५ आणि १९.५ मिलिमीटरच्या कडक ॲक्रिलिक कॅप्सूल घ्या. मऊ, वासाची, स्वस्त पीव्हीसी पाकिटे टाळा, तो हिरवा थर त्यांचाच प्रताप. घरगुती विम्यात नाण्यांसाठी रकमेची वेगळी मर्यादा असते, आणि बँकेच्या लॉकरातल्या वस्तूंचा विमा आपोआप होत नाही. दोन्ही कागद नीट वाचा.

नोंदवहीत प्रत्येक नाण्याला एक ओळ: येगर क्रमांक, राज्य, राजा, किंमत, साल, टांकसाळ, स्वतः मोजलेले वजन आणि पाण्यातला आकडा, खरेदीची तारीख, रक्कम, त्या दिवसाचा सोन्याचा भाव, विक्रेता. सोबत दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो.

भारतात आणताना

टपालाने किंवा कुरिअरने सोन्याची नाणी भारतात मागवू नयेत. सोन्याच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि पार्सल अडकले की सोडवणे कठीण. प्रवाशाला मिळणारी शुल्कमाफी दागिन्यांसाठी आहे, नाण्यांना ती लागू नाही. त्यामुळे विमानतळावर लाल मार्गिकेत जाऊन पावतीसह घोषित करा आणि शुल्क भरा. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बघा. शुल्काची पावती नाण्यासोबत कायम जपा.

शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. नाणे जर्मन आहे म्हणून सूट मिळेल असे गृहीत धरू नका. जी नाणी पुढे जर्मनीतच विकायची आहेत ती तिथल्याच लॉकरात ठेवा, आणि इथे आणाल ती इथेच राहतील अशा तयारीने आणा.